निळा म्हणजे दुःख, हे कुणी ठरवलं?



आज समोर छायाचित्रणाचे विद्यार्थी बसले आहेत आणि त्यांच्यापुढे एक काम आहे: एकच चेहरा घ्यायचा आणि रंगीत प्रकाशाच्या मदतीने त्यावर वेगवेगळ्या भावना उभ्या करायच्या. अशा कामाचं नियोजन बहुतेक वेळा एका यादीने सुरू होतं. लाल म्हणजे राग, निळा म्हणजे दुःख, पिवळा म्हणजे आनंद, हिरवा म्हणजे मत्सर. ही यादी इतकी अंगवळणी पडली आहे की ती आली कुठून, हे आपण विचारतच नाही. आज तेवढंच विचारू. दिवे कसे लावायचे ते त्यातून आपोआप कळत जाईल.

आपल्याकडची सर्वांत प्रसिद्ध यादी भरताच्या नाट्यशास्त्रातली. सहाव्या अध्यायात आठ रसांना आठ रंग दिले आहेत. शृंगार श्याम, हास्य शुभ्र, करुण कपोत म्हणजे पारव्याच्या रंगाचा, रौद्र लाल, वीर गौर, भयानक काळा, बीभत्स निळा आणि अद्भुत पिवळा. हे रंग रसांचे आहेत, दिव्यांचे नव्हेत, हे लक्षात ठेवू. पण बघा, रागाचा लाल सोडला तर आपली आजची यादी इथे कुठेच जुळत नाही. निळ्याला भरताने किळस दिली आणि दुःखाला पारव्याचा राखी रंग.

मग निळं दुःख आलं कुठून? इंग्रजी भाषेत ते मुरलेलं आहेच, पण युरोपात त्याला विचाराचं बळ देणाऱ्यांत एक मोठं नाव आहे गटे. त्यांचा रंगांवरचा ग्रंथ १८१० साली आला. कवी माणूस, पण रंगीत काचा डोळ्यांपुढे धरून जग कसं दिसतं ते चिकाटीने टिपत राहिला. पिवळ्या काचेतून हिवाळ्यातला मळभाचा दिवससुद्धा प्रसन्न वाटतो, निळ्या काचेतून तेच जग उदास दिसतं आणि निळ्या भिंतींची खोली मोठी पण रिकामी, थंड वाटते, असं त्यांचं निरीक्षण. थंडीने गारठलेल्या देशात पिवळी ऊब हवीहवीशी वाटणार, हे उघड आहे. वैशाखात घामाघूम झालेल्या विदर्भातल्या माणसाला तीच निळी, थंड खोली कशी वाटेल, याचा विचार तुम्हीच करा.

गटेंच्या काळी प्रकाश मेणबत्तीचा आणि तेलाच्या दिव्याचा होता. मनाजोगता रंगीत आणि प्रखर प्रकाश हाताशी आला तो विजेमुळे. लॉय फुलर ही अमेरिकन नर्तकी १८९२ मध्ये पॅरिसच्या फॉली बर्जेर रंगमंचावर आली. काळोख्या मंचावर ती रेशमाचा प्रचंड घोळ गरगर फिरवायची आणि त्यावर विजेच्या दिव्यांचे बदलते रंग पडायचे. आगीच्या नृत्यात तर मंचाला काचेचा तुकडा बसवून खालून लाल प्रकाश सोडला जाई. आता इथे लाल म्हणजे राग होता का? नाही. इथे लाल म्हणजे ज्वाळा. उजेड खालून येत होता, कापड हलत होतं, भोवती मिट्ट काळोख होता, म्हणून लोकांना आग दिसली. तोच लाल वरून, स्थिर कापडावर टाकला असता तर नुसतं लाल कापड दिसलं असतं.

मूकपटांनी हाच धडा वेगळ्या रीतीने गिरवला. त्या काळची फिल्म मंद होती, रात्री चित्रण जमत नसे. म्हणून रात्रीचे प्रसंग दिवसाउजेडी घ्यायचे आणि फिल्मची पट्टी निळ्या रंगात बुडवायची. निळी म्हणजे रात्र, पिवळसर म्हणजे दिव्याचा उजेड, लाल म्हणजे आग. मुर्नाऊ यांचा ‘नोस्फेरातू’ १९२२ चा. उन्हाने मरणारा त्यातला पिशाच, रंग न दिलेल्या प्रतींमध्ये चक्क भर दिवसा रस्त्याने फिरताना दिसतो! निळा काढला की भीतीच निघून जाते. म्हणजे भीती आली ती रात्रीमुळे. निळा फक्त रात्र झाल्याचं सांगत होता.

पुढे १९२९ साली कोडॅकने भावनांचा कोशच बाजारात आणला. बोलपटांत आवाज फिल्मच्या कडेला छापलेला असे आणि तो प्रकाशाच्या साहाय्याने वाचला जाई. जुने गडद रंग तो प्रकाश अडवायचे. म्हणून कंपनीने ‘सोनोक्रोम’ नावाने सोळा फिकट छटा काढल्या. नावं ऐका: इन्फर्नो, नॉक्टर्न, कँडलफ्लेम, सनशाइन. कंपनीचे संशोधक लॉइड जोन्स यांनी कोणती छटा कोणत्या मनःस्थितीला शोभते, याची वर्णनंसुद्धा लिहिली. पण नावांकडे नीट बघा. नरकाची आग, रात्र, मेणबत्ती, ऊन. यातलं एकही नाव भावनेचं नाही. सगळी उजेडाची नावं आहेत. कोश भावनांचा म्हणून निघाला आणि शेवटी दिव्यांवरच येऊन टेकला.

आम्हाला आज सांगायचं आहे ते एवढंच. रंगाच्या पोटात भावना भरलेली नसते. उजेड कुठून येतोय, त्याच्या शेजारी काय आहे आणि पाहणाऱ्याने तो रंग आधी कुठे पाहिलाय, यातून ती तयार होते.

हिचकॉक यांच्या ‘व्हर्टिगो’मध्ये (१९५८) हॉटेलच्या खोलीत नायिका हिरव्या प्रकाशात न्हाऊन पुढे येते आणि अंगावर काटा येतो. पण तो हिरवा आकाशातून पडलेला नाही. खिडकीबाहेर निऑनची पाटी आहे, ती आपल्याला दिसते. आणि नायिकेचा हिरवा पोशाख, हिरवी मोटार आपण आधीच पाहून ठेवलेली असते. रंगाला आठवण चिकटवून मगच दिग्दर्शकाने तो दिवा लावला.

अशी आठवण प्रत्येक समाजाचीही असते. मराठीत हिरवा म्हणजे चुडा, हिरवा म्हणजे शालू, आणि ‘हिरवट’ म्हटलं की वेगळंच काही. मत्सराचा हिरवा आपल्याकडे इंग्रजीतून आला. रागाने आपण लालबुंद होतो खरे, पण भीतीने पांढरेफटक पडतो, भरताचा भयानक मात्र काळा. आणि निळ्याचं काय? सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर जमलेल्या माणसांसाठी तो बाबासाहेबांचा रंग, स्वाभिमानाचा रंग. त्या घरातल्या मुलीच्या चेहऱ्यावर आपण निळा दिवा लावला आणि खाली ‘नैराश्य’ असं लिहिलं, तर आपण तिचा चेहरा वाचला की परक्या यादीतली ओळ तिच्यावर चिकटवली? हा प्रश्न तंत्राचा नाही, पण कॅमेरा हातात घेणाऱ्याला तो टाळता येत नाही.

तंत्राचाही एक प्रश्न याला जोडलेला आहे. रंगीत फोटो छापताना रंग बरोबर आलाय का, हे पाहायला प्रयोगशाळांत एक नमुना-कार्ड असे. कित्येक दशकं त्यावर गोरी बाईच होती. तिची त्वचा ‘बरोबर’, मग इतरांची जमेल तशी. आपली गव्हाळ-सावळी त्वचा लाल प्रकाश जास्त परतवते, निळा कमी. म्हणून परदेशी पुस्तकातला निळ्या उजेडाचा चेहरा इथे तसाच करायला गेलं तर चेहरा काळोखात बुडतो. शिवाय गडद निळा जिलेटिन पेपर स्वतःच बराच उजेड खातो. दिवा जवळ आणा, किंवा फिकट निळा वापरा. लालचं उलट. लाल प्रकाशात चेहऱ्याचे बारकावे पुसले जातात, म्हणून तिथे एक्स्पोजर थोडं कमी ठेवून पाहा.

आता नियोजनाकडे येऊ. कागदावर भावनेचं नाव लिहिण्याआधी दिव्याचं नाव लिहा: देवघरातली समई, टीव्हीचा उजेड, रिक्षाचा मागचा लाल दिवा, मेडिकलच्या दुकानाची पाटी. प्रत्येक फोटोत रंगीत प्रकाशाजवळ थोडा साधा प्रकाश राहू द्या, नाहीतर डोळा सरावतो आणि रंग रंगच वाटत नाही. येल विद्यापीठातले मॅकँडलेस यांनी १९३२ साली रंगमंचासाठी मांडलेली रीत आजही सोपी आहे: चेहऱ्याच्या दोन्ही बाजूंनी पंचेचाळीस अंशांवर दोन दिवे, एक उबदार, एक थंड. पण दोन रंग एकाच गालावर आले तर ते रंगपेटीसारखे मिसळत नाहीत. लाल आणि हिरवा उजेड मिळून पिवळा होतो. मॅक्सवेल यांनी १८६१ मध्ये लंडनला तीन रंगांच्या प्रकाशातून रंगीत चित्र पडद्यावर दाखवलं, ते याच नियमावर.

कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स ‘ऑटो’वर ठेवू नका, तुम्ही मेहनतीने आणलेला रंग तो गुपचूप काढून टाकेल. आणि स्टेशनरीच्या दुकानातला जिलेटिन पेपर तापणाऱ्या दिव्याला चिकटवू नका, वितभर अंतर ठेवा.

शेवटची गोष्ट. ज्याचा फोटो काढणार आहात त्याला आधी विचारा, की तुझ्या घरी कुणी गेलं तेव्हा उजेड कसा होता? तू सर्वांत आनंदात होतास तेव्हा दिवा कोणता होता? उत्तरं यादीत बसणार नाहीत. कुणी सांगेल हॉस्पिटलची पांढरी ट्यूबलाइट, कुणी सांगेल गणपतीतल्या रंगीत माळा. तो उजेड शोधून काढा आणि तोच लावा.