चकली आणि डबा

दिवाळीत शेजारच्या घरी गेल्यावर ताटातली एक चकली उचलली, तर तिला कोणी चोरी म्हणत नाही. परंतु साऱ्या चकल्या पिशवीत भरून आणल्या, तर शेजारधर्म तिथेच संपतो. चित्रपटांतले छोटे तुकडे घेऊन ते इंटरनेटवर दाखविण्याचा आजचा वाद मला याच जातीचा वाटतो. तो वाटतो तितका नवा मात्र नाही.

इ. स. १८४१ मध्ये अमेरिकेत बोस्टनच्या न्यायालयापुढे एक खटला आला. जेरेड स्पार्क्स यांनी जॉर्ज वॉशिंग्टनची पत्रे व लेख १२ खंडांत प्रसिद्ध केले होते. चार्ल्स अपहॅम यांनी शालेय ग्रंथालयांसाठी त्याच थोर पुरुषाचे ८६६ पानी चरित्र रचले, आणि त्यातली ३५३ पाने स्पार्क्सच्या खंडांतून जशीच्या तशी उचलली! हेतू चांगला, वाचक शाळकरी. तरीही न्यायमूर्ती जोसेफ स्टोरी यांनी निकाल अपहॅमच्या प्रकाशकांविरुद्ध दिला. किती घेतले एवढेच पाहू नये. कशासाठी घेतले, त्यात मोलाचे किती होते आणि मूळ ग्रंथाच्या खपाला धक्का बसतो काय, तेही पाहावे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय. हीच तत्त्वे पुढे १९७६ च्या अमेरिकन कायद्यात आली.

आपला प्रताधिकार कायदा १९५७ चा. त्याचे ५२ वे कलम खाजगी अभ्यास, टीका, परीक्षण आणि चालू घडामोडींचे वृत्त यांसाठी वाजवी वापराची मुभा देते. वर्गात शिकविण्याच्या ओघात केलेल्या वापरालाही त्यात जागा आहे. ‘तीस सेकंदांपर्यंत चालते’ असे पुष्कळजण छातीठोकपणे सांगतात. पण वाजवी वापराचा असा सेकंदांचा हिशेब या दोन्ही कायद्यांत कोठेही नाही.

२००७ साली अमेरिकेत एका आईने आपल्या लहानग्याच्या नाचाचे २९ सेकंदांचे चित्रण यूट्यूबवर ठेवले. मागे प्रिन्सचे गाणे वाजत होते. हक्कदार कंपनीच्या तक्रारीवरून ते काढले गेले. आई न्यायालयात गेली. तक्रार करण्यापूर्वी वापर वाजवी आहे की नाही, याचा विचार हक्कदाराने केलाच पाहिजे, असे अपील न्यायालयाने २०१५ मध्ये सांगितले.

मी कादंबरीकार आहे आणि शाळामास्तरही. कादंबरीकार म्हणतो, रात्री जागून लिहिलेले पान कोणी फुकट नेऊ नये. मास्तर म्हणतो, उतारा वाचून दाखविल्यावाचून मुलांना गोडी लागावी कशी? स्टोरींच्या निकालाने या दोघांचे भांडण मिटत नाही. परंतु कशावरून भांडावे, हे तरी कळते. घरातली मुले हल्ली असे तुकडे जोडीत बसतात. त्यांना मोठ्यांनी रागे भरू नये. एवढेच विचारावे, की बाबांनो, तुमचा तुकडा पाहून कोणी मूळ चित्रपट पाहायला जाईल, की जाण्याची गरजच उरणार नाही?