हंगाम कोणाचा? : दक्षिण फ्रान्समधील एका मुक्कामाच्या निमित्ताने

परतीच्या प्रवासात फेब्रुवारी महिन्यात दक्षिण फ्रान्समध्ये तीन रात्रींचा मुक्काम करावयाचा आणि त्यासाठी एकच शहर निवडावयाचे, असा एक साधा प्रश्न काही काळापूर्वी आमच्यापुढे उभा राहिला. नीस, अविन्यों, आर्ल आणि मार्सेय अशी चार नावे आम्ही कागदावर लिहिली. ज्यांना ज्यांना विचारले त्यांनी प्रथम एकच गोष्ट बजावली : हा तिकडचा हंगाम नव्हे. समुद्र थंडगार असतो, ऱ्होन नदीच्या खोऱ्यातून मिस्ट्राल नावाचा बोचरा वारा सुटलेला असतो आणि लहान गावांतील कित्येक हॉटेलांची दारे बंद असतात. सल्ला योग्यच होता. परंतु शहर निवडण्यासाठी म्हणून इतिहासाची पुस्तके उघडली, तेव्हा ध्यानात आले की सव्वाशे वर्षांपूर्वी आम्हांस नेमका याच्या उलट सल्ला मिळाला असता.

नीसपासूनच आरंभ करू. टोबायस स्मॉलेट हा इंग्रज वाचकांना परिचित असलेला स्कॉटिश कादंबरीकार १७६३ च्या अखेरीस येथे आला. नीस तेव्हा फ्रान्समध्ये नव्हते. ते सार्डिनियाच्या राजाच्या अमलाखाली होते. स्मॉलेटची छाती दुबळी झाली होती, आणि कोरड्या हवेच्या आशेने तो आला होता. १७६६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या प्रवासपत्रांना त्याने नीसच्या हवामानाची एक दैनंदिन नोंदवही जोडली आहे. प्रवासवर्णनात वाऱ्यापावसाचा हिशेब कशासाठी, असे आज वाटेल. ज्याचे आयुष्य हवेवर अवलंबून आहे, त्याच्या दृष्टीने मात्र पुस्तकातील सर्वांत उपयुक्त पाने तीच होती. त्याच्या मागोमाग इंग्रज येऊ लागले. १८२० च्या दशकाच्या आरंभी, थंडीने पिके गेल्यामुळे बेकार झालेल्या गरिबांना काम मिळावे म्हणून तेथील इंग्रजांनी वर्गणी काढून समुद्रकाठी एक पायवाट बांधविली. आजचा ‘प्रोमनाद देझ आंग्ले’ हा भव्य रस्ता तिच्यातूनच वाढला आहे. १८६० मध्ये नीस फ्रान्सला जोडले गेले, १८६४ मध्ये रेल्वे पोहोचली, आणि मग ऑक्टोबर ते एप्रिल हा हंगाम पक्का झाला. १८९५ ते १८९९ या काळात व्हिक्टोरिया राणी सिमिएच्या टेकडीवर वसंतातील काही आठवडे घालवीत असे. उन्हाळा लागला की पाहुणे निघून जात आणि मोठी हॉटेले कुलुपे लावीत.

या हंगामाच्या मुळाशी आजार होता, हे विसरून चालणार नाही. नीसच्या पूर्वेस इटलीच्या सीमेवर माँतों हे गाव आहे. डॉक्टर बेनेट नावाच्या इंग्रज वैद्याने १८५९ पासून तेथे हिवाळे काढले, आणि त्याच्या लेखनामुळे क्षयरोग्यांची तेथे रीघ लागली. रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन १८७३ च्या हिवाळ्यात तेथे आला आणि दक्षिणेकडे धाडलेल्या रुग्णाच्या मनःस्थितीवर त्याने एक निबंध लिहिला. चित्रकार ऑब्री बिअर्ड्‌स्लीने मार्च १८९८ मध्ये, वयाच्या अवघ्या पंचविसाव्या वर्षी, तेथेच देह ठेवला. गावाच्या वरच्या अंगाच्या दफनभूमीत परदेशी तरुणांच्या अशा अनेक कबरी आहेत. चेखव १८९७-९८ चा हिवाळा नीसमध्ये होता. तेथे तो फ्रेंच वृत्तपत्रांतून द्रेफ्यू प्रकरण वाचीत होता आणि झोलाची बाजू त्याला पटत होती. पुढे डिसेंबर १९०० मध्ये ‘तीन बहिणी’ या नाटकावरचा अखेरचा हात त्याने नीसमध्येच फिरविला. मॉस्कोची ओढ लागलेल्या स्त्रियांचे ते नाटक, मॉस्कोची थंडी न सोसणाऱ्या माणसाने भूमध्य समुद्राच्या काठी पुरे केले, ही गोष्ट शिकवताना सांगण्याजोगी आहे.

हा क्रम उलटला तो पहिल्या महायुद्धानंतर. १९२३ च्या उन्हाळ्यात जेराल्ड आणि सेरा मर्फी या अमेरिकन दांपत्याने आंतिबच्या भूशिरावरील एका हॉटेलास नेहमीप्रमाणे बंद न होता चालू राहण्यास राजी केले. उन्हात अंग भाजून घेणे ही चैन ठरू लागली. १९३६ मध्ये लोकाघाडीच्या सरकारने कामगारांना दोन आठवड्यांची भरपगारी रजा दिली आणि उन्हाळ्याचा समुद्रकिनारा हळूहळू सर्वांचा झाला. २०२१ मध्ये युनेस्कोने नीसचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश केला, तो मात्र हिवाळी विश्रामाचे शहर म्हणून. तेव्हा फेब्रुवारीत नीसला जाणे म्हणजे हंगाम चुकविणे नव्हे. जुना हंगाम पाळणे होय. १८७३ पासून आजच्या स्वरूपात भरणारा तेथला कार्निव्हलही याच सुमारास असतो. एकान्ताची अपेक्षा धरून नीस निवडणाऱ्याची त्यामुळे फसगत होईल, आणि म्हणून ते नाव आम्ही खोडले.

अविन्यों आणि आर्ल यांच्याविषयी निर्णय घेणे अधिक कठीण गेले. अविन्योंचा आजचा हंगाम जुलै हा आहे, आणि तो १९४७ मध्ये झां व्हिलार यांनी सुरू केलेल्या नाट्यमहोत्सवाने घडविला. फेब्रुवारीत तेथे उरतो तो पोपांचा प्रचंड दगडी वाडा. १३०९ ते १३७७ या काळात ख्रिस्ती जगाची राजधानी रोम सोडून येथे होती. पेत्रार्काने या दरबारावर कडाडून टीका केली. आणि ६ एप्रिल १३२७ रोजी लॉरा प्रथम दिसली असे तो सांगतो, तेही याच शहरातील एका चर्चमध्ये. आर्लची गोष्ट याहून जवळची. व्हॅन गॉग २० फेब्रुवारी १८८८ रोजी तेथे उतरला, तेव्हा सूर्याच्या शोधात आलेल्या त्या माणसाला जमिनीवर बर्फ दिसले. त्याने बर्फाच्छादित शेते रंगविली, नंतर बदामाचा मोहोर रंगविला. ज्याला आपण ‘दक्षिणेचा प्रकाश’ म्हणतो त्याचा त्याच्यापुरता आरंभ असा बिगरहंगामी आहे. आम्ही जवळजवळ आर्लच ठरविले होते.

परंतु चौथ्या नावापाशी आम्ही अडखळलो. मराठी वाचकाच्या कानात हे शहर ‘मार्सेलिस’ या नावाने बसलेले आहे. ८ जुलै १९१० रोजी सकाळी ‘मोरिया’ बोटीच्या गवाक्षातून सावरकरांनी समुद्रात उडी घेतली, ते धक्क्यावर पोहोचले, आणि फ्रेंच शिपायाने त्यांना धरून इंग्रजांच्या हवाली केले. फ्रेंच भूमीवरील ही अटक वैध काय, हा वाद हेगच्या लवादापुढे गेला. २४ फेब्रुवारी १९११ च्या निवाड्याने अटकेतील अनियमितता मान्य केली, पण बंदी परत करण्याचे बंधन ब्रिटनवर नाही असे ठरविले. किनाऱ्यावर पाय टेकण्यापुरताच तो मुक्काम होता. त्यावरून दोन राष्ट्रे न्यायासनापुढे उभी राहिली.

तीस वर्षांनी याच बंदरात याच्या उलट प्रकारचे मुक्काम घडले. १९४० मध्ये फ्रान्स पडल्यावर हिटलरपासून पळालेले लेखक, चित्रकार आणि असंख्य अनाम माणसे येथे अडकली. देश सोडण्याचा परवाना, वाटेतील देशांचे परवाने, बोटीचे तिकीट : एक हाती येईपर्यंत दुसऱ्याची मुदत संपे. व्हेरियन फ्राय हा अमेरिकन पत्रकार ऑगस्ट १९४० पासून वर्षभर येथे राहून शेकडो लोकांना बाहेर काढीत होता. वाल्टर बेन्यामिन येथूनच निघाला. फ्रान्स सोडण्याचा परवाना त्याच्यापाशी नव्हता, आणि पिरेनीज ओलांडल्यावर सप्टेंबर १९४० मध्ये स्पेनच्या सीमेवर त्याचा अंत झाला. आना झेगर्स मार्च १९४१ मध्ये बोटीने सुटली आणि तिने त्या प्रतीक्षेवर ‘ट्रान्झिट’ ही कादंबरी लिहिली. १९४३ च्या फेब्रुवारीत जर्मनांनी जुन्या बंदराची उत्तरेकडील वस्ती रहिवाशांना हाकलून सुरुंगांनी उडवून दिली. म्हणजे आज त्या काठावर उभे राहून जे दिसते, त्यातील पुष्कळसे त्या हिवाळ्यानंतरचे आहे.

इसवी सनापूर्वी सुमारे ६०० मध्ये ग्रीक खलाशांनी वसविलेल्या या शहराला हंगाम असा नव्हताच. बंदराला बाराही महिने माणसे उतरतात. नीसचा हंगाम ज्यांना वेळ आणि पैसा होता त्यांनी ठरविला; मार्सेयला जे थांबले त्यांपैकी बहुतेकांना थांबण्याचा दिवस निवडता आला नव्हता. आमच्यापाशी परतीचे तिकीट होते, पारपत्रावर शिक्का होता, आणि चारांतून एक शहर पसंत करण्याची मोकळीक होती. ती मोकळीक किती मोठी आहे हे ज्या शहरात कळेल, तेथेच ती खर्च करावी असे आम्हांस वाटले.

आम्ही मार्सेय निवडले. आर्ल तेथून रेल्वेने सुमारे तासाभराच्या अंतरावर आहे. त्यासाठी मधला एक दिवस राखून ठेवला.