नव्या मोटारसायकलचा भरवसा

नवी मोटारसायकल घ्यायचे ठरले की घरात दोन प्रश्न निघतात. पहिला किमतीचा, त्याचे उत्तर शोरूममध्ये मिळते. दुसरा असा, की ही गाडी दगा तर देणार नाही ना? त्याचे उत्तर मात्र शेजारी, मेहुणा किंवा गल्लीतला मिस्त्री यांच्याकडे शोधले जाते. छत्रपती संभाजीनगरच्या पडेगावातही याहून वेगळे घडत नाही, आणि पडेगाव तर मोटारसायकलींच्या माहेराजवळच आहे. शहराच्या एका अंगाला दौलताबाद-वेरूळच्या रस्त्यावर पडेगाव, दुसऱ्या अंगाला पुण्याच्या रस्त्यावर वाळूज. वाळूजच्या बजाज ऑटोच्या कारखान्यात १९८५ पासून दुचाकी तयार होत आल्या आहेत. कारखाना इतका जवळ असूनही गिऱ्हाईक विचारतो तो शेजाऱ्यालाच!

प्रश्न किरकोळ नाही. पडेगावहून वाळूजला पाळीवर जाणाऱ्या कामगाराची गाडी वाटेत बंद पडली तर दिवसाची मजुरी बुडू शकते. रात्रपाळीहून परतताना बंद पडली तर अंधारात गाडी ढकलत यावे लागते. कर्जाचा हप्ता मात्र थांबत नाही. तेव्हा यंत्राचा भरवसा म्हणजे नेमके काय, तो मोजता येतो का, आणि त्याची जबाबदारी आजवर कोणी घेतली, हे पाहण्याचा प्रयत्न आम्ही या लेखात करणार आहोत. वाट दाखवायला मोटारसायकलचा एकच भाग आपण सोबत घेऊ : ठिणगी पाडणारी यंत्रणा.

निवडीला वाव नव्हता तेव्हा

स्वातंत्र्यानंतर आपल्याकडे मोटारसायकल बनवणारे कारखाने हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. मद्रासला १९५५ मध्ये एनफील्ड बुलेटची जुळणी सुरू झाली. म्हैसूरला १९६१ मध्ये जावा आली, तर १९६२ मध्ये एस्कॉर्ट्सने राजदूत आणली. किती गाड्या बनवायच्या हे सरकारी परवान्यावर ठरे. स्कूटरसाठी तर नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. ज्याचा नंबर लागे तो गाडीचे गुणदोष पाहत बसत नसे. मिळाली हेच भाग्य समजे.

अशा काळात भरवशाचा अर्थ वेगळा होता. गाडी बिघडणार हे गृहीतच असे. प्रश्न एवढाच, की बिघडली तर जागच्या जागी दुरुस्त होईल का? म्हणून डिकीत जादा प्लग, पाना, तारेचा तुकडा आणि पॉलिश पेपर ठेवलेला असे.

ठिणगी कशी पडते?

पेट्रोल इंजिनात प्लगच्या टोकांमध्ये ठिणगी पडायला हजारो व्होल्टचा दाब लागतो. बॅटरीचे व्होल्ट मात्र सहा किंवा बारा. ही वाढ साधते ती मायकेल फॅरडेने १८३१ मध्ये दाखवलेल्या विद्युतचुंबकीय प्रवर्तनाने. एका वेटोळ्यातून जाणारा प्रवाह एकदम तोडला, की त्याचे चुंबकीय क्षेत्र कोसळते आणि शेजारच्या, पुष्कळ जास्त वेढ्यांच्या वेटोळ्यात क्षणभर मोठा दाब निर्माण होतो.

जुन्या गाड्यांत हा प्रवाह तोडण्याचे काम धातूचे दोन छोटे संपर्कबिंदू करीत. मिस्त्री त्यांना 'सीबी पॉइंट' म्हणतात. दोन-स्ट्रोक इंजिनात दर फेऱ्याला एक ठिणगी लागते. इंजिन मिनिटाला ४,००० फेरे घेत असेल, तर पॉइंट तासाला २,४०,००० वेळा उघडतात आणि मिटतात. प्रत्येक वेळी तिथेही बारीक ठिणगी उडते, धातू किंचित जळतो, खड्डे पडतात. दोन बिंदूंमधली फट अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी. ती थोडी बदलली तरी ठिणगीची वेळ चुकते. मग किक मारमारून पाय दुखतात, गाडी 'मिसिंग' करू लागते.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पॉइंट वरचेवर बिघडत. पण आधी इशारा देत, आणि पॉलिश पेपरने घासले की पुन्हा चालत. दोष डोळ्यांना दिसे.

जपानी तंत्र येते

१९८० च्या दशकाच्या आरंभी सरकारने १०० सीसीपर्यंतच्या दुचाकींसाठी परदेशी सहकार्याला वाट मोकळी केली. १९८४ मध्ये इंड-सुझुकी, १९८५ मध्ये हिरो होंडा आणि यामाहाच्या १०० सीसी गाड्या आल्या. वाळूजच्या कारखान्याची कोनशिला जानेवारी १९८४ मध्ये बसली आणि सोळा महिन्यांत तेथे उत्पादन सुरू झाले. १९८६ मध्ये बजाजने कावासाकीच्या सहकार्याने केबी-१०० बाजारात आणली, १९९१ मध्ये चार-स्ट्रोकची फोर-एस चॅम्पियन. १९९८ मध्ये कॅलिबर वाळूजहूनच बाहेर पडली.

आता गिऱ्हाइकापुढे निवड आली, आणि निवडीबरोबर नवी चिंता. जपानी गाडी आपल्या रस्त्यांवर टिकेल का? हलकी आहे, खड्ड्यात मोडेल का? सुटे भाग मिळतील का?

या पिढीबरोबर पॉइंटची जागा हळूहळू इलेक्ट्रॉनिक यंत्रणेने घेतली. तिला सीडीआय म्हणतात. हिच्यात संधारित्रात साठवलेला विद्युतभार थायरिस्टरमार्फत एकदम वेटोळ्यात सोडला जातो. कधी सोडायचा, हे फिरत्या चुंबकाचा संकेत ठरवतो. घासणारा, जळणारा संपर्कच नाही! कावासाकीने आपल्या ५०० सीसीच्या एच-१ गाडीवर ही पद्धत १९६९ मध्येच वापरली होती. झिजणारा भाग काढून टाकला की त्याच्यामुळे येणारा बिघाडही संपतो. भरवसा वाढवण्याचा हा सर्वांत सरळ मार्ग होय.

पण या सोयीची एक किंमत होती. सीडीआयची डबी बिघडते क्वचित. बिघडली तर मात्र बहुधा इशारा न देता, आणि पॉलिश पेपरने ती सुधारत नाही. नवीच बसवावी लागते.

कोणती गाडी अधिक भरवशाची, हे एका कल्पित उदाहरणाने पाहू. 'अ' गाडी दर १०० दिवसांनी बिघडते आणि दुरुस्तीला दिवसाचा दहावा भाग जातो. 'ब' गाडी १,००० दिवसांतून एकदाच बिघडते, पण पूर्ण दिवस जातो. १,००० दिवसांत दोघींचाही एकेकच दिवस वाया गेला. आता 'ब'चा सुटा भाग यायला चार दिवस लागले, तर तीच गाडी चारपट तोट्याची ठरते. म्हणून 'कमी बिघडणे' आणि 'लवकर सुधारणे' हे दोन वेगळे गुण आहेत. मिस्त्री एकाबद्दल बोलत असतो आणि जाहिरात दुसऱ्याबद्दल.

भरवशाचे गणित

यंत्राच्या भरवशाचा शास्त्रीय अभ्यास दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास जोमाने सुरू झाला. लष्करी इलेक्ट्रॉनिक उपकरणांत शेकडो भाग असत आणि एक गेला तरी सारे ठप्प होई. स्वीडनचे अभियंते वालोडी वायबुल यांचा बिघाडांच्या संभाव्यतेवरचा प्रसिद्ध निबंध १९५१ चा आहे.

यातले मूळ गणित दहावीच्या विद्यार्थ्यालाही समजेल. समजा, गाडीत २०० महत्त्वाचे भाग आहेत आणि प्रत्येक भाग वर्षभर टिकण्याची संभाव्यता ०.९९९ आहे. कोणत्याही एका भागाच्या बिघाडाने गाडी थांबत असेल, तर वर्षभर ती न थांबण्याची संभाव्यता ०.९९९ चा २००वा घात, म्हणजे सुमारे ०.८२. हजारात एकच भाग सदोष असूनही शंभरातल्या १८ गाड्या थांबल्या! भागांचा दर्जा ०.९९ वर आला, तर न थांबणाऱ्या गाड्या शंभरात १३ च उरतात.

दुसरी गोष्ट काळाची. बिघाडाचा दर आलेखावर मांडला तर आंघोळीच्या टबाच्या छेदासारखा आकार पुष्कळदा मिळतो. सुरुवातीला दर जास्त : सैल राहिलेला नट, ओतीव भागातली पोकळी, कच्चे डाग दिलेला सांधा. मग बराच काळ दर कमी आणि स्थिर. शेवटी झीज वाढते आणि दर पुन्हा चढतो. गाडी नवी म्हणजे निर्धोक, ही समजूत म्हणूनच पुरती बरोबर नाही. पहिल्या सर्व्हिसिंगला इतके महत्त्व का, आणि वॉरंटी सुरुवातीच्याच काळासाठी का, याचेही उत्तर या टबात आहे.

शेजाऱ्याला विचारून किती कळते?

मे २०२१ मध्ये रॉयल एनफील्डने २,३६,९६६ मोटारसायकली तपासणीसाठी परत बोलावल्या. डिसेंबर २०२० ते एप्रिल २०२१ या काळात बनलेल्या काही गाड्यांच्या इग्निशन कॉइलमध्ये, म्हणजे आपल्या ठिणगीच्या वेटोळ्यातच, दोष आढळला होता. तो कंपनीच्या स्वतःच्या चाचण्यांत सापडला. प्रत्यक्षात १० टक्क्यांहून कमी गाड्यांना भाग बदलावा लागेल, असा कंपनीचा अंदाज होता.

समजा, दोष नेमका १० टक्के गाड्यांत आहे आणि आपण पाच मालकांना विचारले. पाचही जण 'गाडी उत्तम आहे' असे सांगण्याची संभाव्यता ०.९ चा ५वा घात, म्हणजे ०.५९. निम्म्याहून जास्त वेळा आपल्याला दोषाचा पत्ताच लागणार नाही. तीस जणांना विचारले तर ही संभाव्यता सुमारे ०.०४ वर येते. शेजारी खोटे बोलत नाही. त्याचा नमुनाच फार लहान आहे.

'जुन्या गाड्या काय मजबूत होत्या!' या उद्गारातही अशीच गफलत असते. आज रस्त्यावर दिसणारी चाळीस वर्षांची बुलेट ही टिकलेल्यांपैकी आहे. भंगारात गेलेल्या तिच्या बहिणी कोणाला दिसत नाहीत.

पॉइंटचा दोष डोळ्यांना दिसत होता. कॉइलमधला दोष मोठ्या संख्येतच दिसतो. ही संख्या कंपनीकडे असते, कारण वॉरंटीखालचा प्रत्येक दावा तिच्याकडे नोंदला जातो. गिऱ्हाइकाकडे ती नसते.

जबाबदारी कोणाची?

विकत घेणाऱ्याने स्वतः पारखून घ्यावे, हे आपल्या १९३० च्या मालविक्री कायद्याचे मूळ तत्त्व. त्याला काही अपवाद आहेत. धान्य चावून पाहता येते, सीडीआयची डबी पाहता येत नाही. पुण्यात १९७४ मध्ये बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीची चळवळ सुरू केली. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने जिल्हा पातळीवर दाद मागण्याची सोय झाली. २०१९ च्या नव्या कायद्याने, जो जुलै २०२० पासून लागू झाला, सदोष वस्तूमुळे झालेल्या हानीची जबाबदारी स्पष्ट केली.

तांत्रिक बाजूने पाहता, पुण्याची एआरएआय ही वाहनसंशोधन संस्था १९६६ पासून आहे. विक्रीपूर्वी नव्या मॉडेलचा नमुना अशा अधिकृत संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो. पण त्या प्रमाणपत्राचा अर्थ नमुना सुरक्षिततेच्या आणि प्रदूषणाच्या नियमांत बसला एवढाच. आपण घेतलेली गाडी पाच वर्षांत किती वेळा थांबेल, हे ते सांगत नाही.

ही उणीव काही अंशी भरून काढणारा नियम १ एप्रिल २०२१ पासून आला. सात वर्षांहून कमी वयाच्या वाहनांत सुरक्षिततेला धोका आणणारा दोष असल्याच्या तक्रारी, त्या मॉडेलच्या वार्षिक विक्रीच्या मानाने ठरावीक मर्यादेपलीकडे गेल्या, तर सरकार ती वाहने परत बोलावण्यास भाग पाडू शकते. म्हणजे कायदाही आता 'माझी गाडी बिघडली' एवढे न पाहता 'किती गाड्यांपैकी किती बिघडल्या?' हे विचारतो. नोंदवली न गेलेली तक्रार या हिशोबात शून्य ठरते. मिस्त्रीने शंभर रुपयांत भागवून दिलेला दोष त्या दिवशी सुटतो खरा, पण त्याच मॉडेलच्या पुढच्या गिऱ्हाइकासाठी तो लपूनच राहतो.

वर्गात करून पाहा

साठ विद्यार्थ्यांना एकेक फासा द्यावा. प्रत्येक विद्यार्थी म्हणजे एक गाडी आणि प्रत्येक फेरी म्हणजे एक वर्ष. सहा पडले की गाडी बाद. दर फेरीला उरलेल्या गाड्यांचा आलेख काढावा. सारख्याच फाशांतून एक गाडी पहिल्याच वर्षी जाते आणि दुसरी पंधरा वर्षे टिकते, हे पाहून मुले चकित होतात. मग घरोघरच्या दुचाकींची माहिती गोळा करावी : मॉडेल, घेतल्याचा महिना, पहिला बिघाड किती किलोमीटरवर, कोणता भाग, दुरुस्तीला किती दिवस गेले, वॉरंटीत नोंद केली का. न बिघडलेल्या गाड्याही आवर्जून लिहाव्यात, कारण त्यांच्यावाचून प्रमाण निघत नाही. शाळेच्या चार-पाच वर्गांतून दोनशे गाड्यांची नोंद सहज होईल. पडेगावात नवी गाडी घेणाऱ्या पालकाला ती वही एका शेजाऱ्याच्या मतापेक्षा अधिक उपयोगी पडेल.