देवगिरीचा वैद्य-पंडित आणि नादाचें शरीर

अमुक राग ऐकला असतां अमुक रोग हटतो, अशीं कोष्टकें आज घरोघर पोंचलीं आहेत. कोणी निद्रानाशावर एक राग सुचवितो, कोणी मधुमेहावर दुसरा. आणि 'हें सारें आपल्या प्राचीन शास्त्रांत आहेच' हें पालुपद त्यास जोडलेलें असतें. तें शास्त्र खरोखर काय सांगतें, हें पाहावयाचें तर मराठी माणसास फार दूर जावें लागत नाहीं. छत्रपति संभाजीनगरांतील औरंगपुरा म्हणजे शाळांचा आणि पुस्तकांच्या दुकानांचा गजबजलेला भाग. तेथून सुमारें १५ किलोमीटरवर देवगिरीचा, म्हणजेच दौलताबादचा किल्ला आहे. हिंदुस्थानी आणि कर्नाटक ह्या दोन्ही पद्धतींचे पंडित ज्या ग्रंथास सारखाच मान देतात, तो 'संगीतरत्नाकर' तेराव्या शतकांत ह्याच राजधानीच्या आश्रयानें लिहिला गेला.

ग्रंथकर्ता शार्ङ्गदेव. त्याचें घराणें मूळचें काश्मीरचें. आजोबा भास्कर दक्षिणेंत आले आणि वडील सोढल हे यादव राजांच्या पदरीं राहिले. सिंघण यादवाच्या कारकीर्दींत, म्हणजे इ. स. १२१० ते १२४७ च्या दरम्यान, शार्ङ्गदेव राज्याच्या हिशेबखात्याचा प्रमुख होता. जमाखर्चाची ही संवय ग्रंथांतही दिसते. सात स्वरांच्या ५०४० वेगवेगळ्या मांडण्या होतात, हें सांगून तो थांबत नाहीं. त्यांपैकीं अमुक क्रमांकाची मांडणी कोणती, आणि अमुक मांडणीचा क्रमांक कोणता, हें काढण्याची युक्तीही तो देतो.

पण येथें त्याच्या दुसऱ्याच एका ओळखीचें प्रयोजन आहे. शार्ङ्गदेव वैद्यक जाणणारा होता. ग्रंथाच्या आरंभीं स्वतःविषयीं सांगतांना तो म्हणतो कीं, आपण ब्राह्मणांस धन दिलें, जिज्ञासूंस विद्या दिली आणि रोगार्तांस रसायनें दिलीं. रोग्याला त्यानें काय दिलें, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. त्यानें औषध दिलें.

ह्या वैद्याची दृष्टि पहिल्या अध्यायांतच उघड होते. स्वराचें विवेचन सुरू होण्यापूर्वीं 'पिंडोत्पत्ति' नांवाचें एक सबंध प्रकरण येतें. गर्भ कसा धरतो, महिन्यामहिन्यानें तो कसा वाढतो, अवयव, धातु, नाड्या, चक्रें, ह्या सर्वांचें त्यांत वर्णन आहे. गाणें शिकावयास बसलेला विद्यार्थी हीं पानें बहुधा उलटून पुढें जातो. त्यास नांवें ठेवण्यांत अर्थ नाहीं. संगीताच्या पोथींत गर्भशास्त्र कशाला, असें कोणासही वाटेल. शार्ङ्गदेवाचें उत्तर असें आहे कीं, नाद शरीरांतून उपजतो. म्हणून आधीं शरीर जाणावें. आत्म्यास बोलण्याची इच्छा झाली म्हणजे तो मनास प्रेरणा देतो, मन देहांतील अग्नीस डिवचतें, अग्नि वायूस हलवितो, आणि तो वायु नाभि, हृदय, कंठ, मस्तक आणि मुख अशा क्रमानें चढत नाद प्रकट करतो. हृदयांत बावीस आडव्या नाड्या आहेत, त्यांपासून बावीस श्रुति. तशाच कंठांत आणि मस्तकांत.

आजच्या शरीरशास्त्रास अशा बावीस नाड्या सांपडल्या नाहींत, हें स्पष्ट सांगितलें पाहिजे. आवाज उत्पन्न होतो तो कंठांतील स्वरयंत्राच्या पडद्यांच्या कंपनानें. मात्र जेथें शार्ङ्गदेव तर्क सोडून कानानें ऐकूं लागतो, तेथें त्याचें निरीक्षण आजही पटतें. तिसऱ्या अध्यायांत त्यानें गवयांच्या आवाजाचे प्रकार पाडले आहेत, आणि तेही वैद्याच्या भाषेंत. कफप्रधान आवाज 'खाहुल', तो स्निग्ध आणि मधुर; पित्तप्रधान 'नाराट', तो गंभीर आणि भरीव; वातप्रधान 'बोंबक', तो मोठा व रुक्ष, पण एरंडाच्या दांड्यासारखा आंतून पोकळ. चौथा मिश्रक. एरंडाचा दांडा मोडून पाहिलेल्या खेडवळ माणसास ह्याहून अधिक स्पष्टीकरण नको.

आतां मूळ प्रश्न. रागांचें वर्णन करतांना शार्ङ्गदेव रस सांगतो, ऋतु सांगतो, दिवसाचा प्रहर सांगतो. रोगांचें कोष्टक मात्र देत नाहीं. तशी कल्पना त्या परंपरेंत अगदींच नव्हती असें नाहीं. 'संगीतमकरंद' ग्रंथांत पांच स्वरांचे राग व्याधिनाशार्थ गावेत असा निर्देश आहे. परंतु ज्यानें स्वतः रोग्यांस औषधें दिलीं, त्यानें ती वाट धरली नाहीं. ह्याच्या पुष्कळ पूर्वीं चरकसंहितेंत, रोग्यासाठीं घर कसें सिद्ध करावें हें सांगतांना, परिचारकांबरोबर गायन, वादन आणि कथा-पुराणें ह्यांत निपुण अशीं माणसें जवळ ठेवावींत असें सांगितलें आहे. त्याच घरांत औषधांचाही सांठा आहे. गाणें औषधाच्या शेजारीं आहे, औषधाच्या जागीं नाहीं.

अलीकडील संशोधनही याच शेजारापाशीं येऊन थांबतें. 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय नियतकालिकांत २०१५ सालीं सत्तरांहून अधिक प्रयोगांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रियेच्या वेळीं संगीत ऐकविलेल्या रोग्यांस वेदना आणि धास्ती कमी जाणवली व वेदनाशामक औषध कमी लागलें. रुग्णालयांतील मुक्काम मात्र कमी झाला नाहीं. लाभ खरा आहे, आणि त्याची मर्यादाही खरी आहे. मधुमेहाची गोळी बाजूस ठेवून रागाच्या भरंवशावर राहणाऱ्या घरांत ही मर्यादा कोणी बोलून दाखवीत नाहीं, आणि तिची किंमत रोग्यास द्यावी लागते.

गाण्याची थोरवी गातांना शार्ङ्गदेवानें मोठमोठ्या देवतांबरोबर एक अगदीं लहान श्रोता उभा केला आहे: पाळण्यांत रडणारें मूल. जगांतील एकाही सुखाची चव त्यास अजून ठाऊक नाहीं. तरी गाणें कानीं पडतांच तें हर्षून जातें. पुण्याच्या आनंदाश्रमानें १८९६-९७ च्या सुमारास हा ग्रंथ कल्लिनाथाच्या टीकेसह छापला. पाळण्यांतलें तें मूल पहिल्या प्रकरणांत भेटतें, आणि त्याच्या लगेच पुढें पिंडोत्पत्तीचीं तीं पानें सुरू होतात.