चाकवजन, घरगुती (छोट्या ट्रॅक्टरचे)

ट्रॅक्टरचे मागचे चाक जमिनीवर जास्त दाबले जावे आणि ओढताना जागेवर फिरू नये, म्हणून रिमच्या आतल्या पत्र्याच्या ताटलीवर बोल्टने बसवलेली जड चकती म्हणजे चाकवजन. कंपन्या ती बिडाची बनवतात. जुन्या छोट्या ट्रॅक्टरचे वजन बाजारात मिळेनासे झाले, की शेतकरी ते काँक्रीट, भंगार लोखंड आणि वेल्डिंगच्या दुकानातून कापून आणलेल्या प्लेटा यांपासून घरीच तयार करतात. बुलढाणा जिल्ह्याच्या चिखली तालुक्यातील चिखली-खामगाव रस्त्यावरचे अमडापूर हे गाव काळ्या जमिनीच्या पट्ट्यात येते. सोयाबीन, कापूस, तूर आणि हरभरा ही इथली नेहमीची पिके. अशा मुलखात घरगुती चाकवजन जोखायचे ते आधी काढ-घालीच्या सोयीवर. जडपणाचा विचार त्यानंतर. हे मत पुष्कळांना उलटे वाटेल, पण काळ्या मातीचे वागणे पाहिले की ते पटते.

पंधरा-वीस अश्वशक्तीचा ट्रॅक्टर कल्टिव्हेटर ओढताना दमतो, तेव्हा बहुतेक वेळा इंजिनाची ताकद शिल्लक असते आणि पकड संपलेली असते. 800 किलोंच्या आसपासच्या यंत्राचा साधारण साठ टक्के भार मागच्या चाकांवर, म्हणजे 480 किलो. घट्ट जमिनीत उपयोगी ओढ या भाराच्या निम्म्याच्या आसपास मिळते. मोकळ्या किंवा ओल्या जमिनीत त्याहून बरीच कमी. दोन्ही चाकांना मिळून 60 किलो लावले, तर मागचा भार आठव्या हिश्शाने वाढतो आणि घट्ट रानात ओढीत तीसेक किलोंची भर पडते. लहान यंत्राला एवढी भर जाणवते. गरज आहे की नाही हे अंदाजाने ठरवू नये. चाकावर खडूची खूण करून त्याच रानात अवजार वर उचलून दहा फेऱ्यांत किती अंतर कापले ते मोजावे, मग अवजार जमिनीत घालून पुन्हा मोजावे. मोकळे 30 मीटर आणि ओढीत 26 मीटर आले, तर घसरण तेरा टक्क्यांच्या आसपास आहे आणि वजन वाढवण्याचे कारण नाही. 24 मीटर आले, तर घसरण वीस टक्के; इथे डिझेल आणि टायर दोन्ही वाया जातात. घसरण अगदी शून्यावर आणण्याचा हट्ट मात्र चुकीचा. थोडे घसरणारे चाक गिअरवरचा झटका सोसून घेते, आणि जुन्या यंत्राचे सुटे भाग मिळणे कठीण असते.

घडवण्याचे गणित सोपे आहे. 40 सेंटिमीटर व्यासाची, 10 सेंटिमीटर जाडीची चकती घेऊन मध्ये हबसाठी 15 सेंटिमीटरचे भोक ठेवले, तर सुमारे 10.8 लिटर जागा उरते. काँक्रीट लिटरमागे 2.4 किलो भरते, म्हणून चकती 26 किलोंची होते. तीच बिडाची असती तर 77 किलोंच्या पुढे गेली असती. काँक्रीटमध्ये चौथाई जागा भंगार लोखंडाने व्यापली, तर वजन 40 किलोंवर जाते. पण इथेच मोह आवरावा. एकट्या माणसाला बसवता-उतरवता येईल अशी 25 किलोंच्या आसपासची चकती हीच योग्य. जास्त हवे असेल तर दुसरी चकती वर चढवता यावी. बोल्ट काँक्रीटवर आवळू नयेत, कारण ते तडकते. दोन्ही बाजूंना लोखंडी प्लेट आणि त्यांतून आरपार पाईपचे तुकडे ओतकामाआधीच वेल्ड करून घ्यावेत, म्हणजे आवळण्याचा ताण लोखंड घेते. किमान सात दिवस पाणी मारावे. पूर्ण ताकद 28 दिवसांनी धरावी. चकती टायरच्या बाहेरच्या कडेपलीकडे येऊ नये, हवेचा वॉल्व्ह झाकला जाऊ नये, आणि चाक हबला धरून ठेवणाऱ्या नटांना हात लावू नये. ताटलीतल्या वेगळ्या भोकांतूनच बोल्ट घ्यावेत. टायरच्या बाजूला छापलेली भारमर्यादा ओलांडायची नाही, हे सांगायला नको.

आता काढ-घालीचा मुद्दा. काळी माती उन्हाळ्यात भेगाळून दगडासारखी होते. तेव्हाच्या नांगरटीला वजन उपकारक असते. पाऊस पडला की तीच माती फुगते, चिकटते, आणि वाफसा येण्याआधी तिच्यावर जड चाक गेले की खाली घट्ट थर बसतो. पेरणी आणि डवरणीच्या कामाला ओढ कमी लागते, म्हणजे जिथे वजन घातक तिथे ते अनावश्यकही असते. बैलांच्या वखरावर घट्ट रानात दगड ठेवायचा आणि मऊ रानात उचलायचा, हा वऱ्हाडातला जुना रिवाज याच समजुतीतून आलेला आहे. यावर आक्षेप असा, की काळी जमीन भेगाळून स्वतःच मोकळी होते, मग दाबाची भीती कशाला? ती मोकळी होते हे खरे, पण ओल आणि सुकणे यांच्या फेऱ्यांतून, सावकाश. जूनमध्ये दाबलेल्या थराचा त्रास त्याच हंगामातल्या सोयाबीनच्या मुळांना होतो. पुढच्या उन्हाळ्यातली भेग त्यांच्या उपयोगाची नाही.

दुसरा आक्षेप पाण्याचा. ट्यूबमध्ये तीन चतुर्थांश पाणी भरणे सर्वांत स्वस्त, आणि थंड देशांत गोठू नये म्हणून लागणारे, रिम गंजवणारे कॅल्शियम क्लोराईड इथे लागतही नाही. वर्षभर एकच जड काम असेल तर पाणी चांगले. पण वाफसा पाहून सकाळी ठरवायचे असेल, तर पाणी काढणे-भरणे कोण करणार? पंक्चर झाल्यावर भरलेले चाक उचलणे हा वेगळाच ताप. कंपनीचे बिडाचे वजन मिळत असेल, तर मात्र घरगुती खटाटोप करू नये. ते कमी जाडीत जास्त भरते आणि त्याची भोके त्या रिमसाठीच पाडलेली असतात.

चाकवजनाकडून एक अपेक्षा ठेवू नये. ते आसाच्या रेषेत असल्यामुळे ट्रॅक्टरचे पुढचे तोंड उचलले जाणे रोखत नाही. उलट पकड वाढल्याने, साखळी उंचावर बांधून अडकलेली ट्रॉली ओढताना यंत्र मागे उलटण्याचा धोका वाढतो. त्यासाठी पुढच्या बंपरला वेगळे वजन लावावे आणि ओढ नेहमी खालच्या हुकालाच द्यावी. आणि वजन कमी पडते म्हणून मडगार्डवर किंवा कल्टिव्हेटरवर माणूस बसवण्याची सवय सोडावी. तोल गेला तर तो माणूस सरळ चाकाखाली किंवा फाळाखाली जातो.