भात्यापासून जॉयस्टिकपर्यंत

धुळ्याजवळ गोंदूरच्या धावपट्टीवर शिकाऊ वैमानिक उडताना आपल्यापैकी काहींनी पाहिले असतील. पण दांडा हाताळण्याचा पुष्कळसा सराव जमिनीवरही होतो.

1929 मध्ये अमेरिकेत एडविन लिंक यांनी सरावाचे खोटे विमान बांधले. वडिलांचा ऑर्गन-पियानोचा कारखाना होता, म्हणून त्यांनी भाते वापरले. आपल्या पेटीत असतो तसेच. दांडा हलवला की भात्यांतली हवा कमीजास्त होई आणि विमान कले. गिऱ्हाईक मात्र फारसे मिळेना. 1934 मध्ये खराब हवेत टपाल नेताना लष्कराचे अनेक वैमानिक मरण पावले, तेव्हा कुठे लष्कराने ही यंत्रे घेतली.

संगणकावरील विमानखेळाचा जॉयस्टिक याच घराण्यातला. त्याच्या साध्या नमुन्यात दांड्याबरोबर विद्युतरोध बदलतो आणि संगणक त्याचा आकडा वाचतो. हे आकडे प्रत्येक जॉयस्टिकचे थोडे वेगळे असतात. म्हणून नवा जोडल्यावर आधी दांडा मोकळा सोडून मध्य नोंदवायचा, मग तो चारी टोकांना नेऊन मर्यादा. मध्य चुकला, तर हात न लावताही पडद्यावरचे विमान कलते.

व्हर्निअर कॅलिपरची शून्य त्रुटी वर्गात शिकवतो, ती हीच. प्रयोगशाळेत आम्हीही कोणत्याही उपकरणाचे शून्य तपासूनच पहिले वाचन घेतो.