डोंगरीचा तुरुंग आणि मसाटचा दाखला

कोल्हापूर प्रकरणातल्या बदनामीच्या खटल्यात १८८२ साली टिळक आणि आगरकर यांना मुंबईच्या डोंगरी तुरुंगात राहावे लागले. आगरकरांनी त्या १०१ दिवसांवर पुस्तक लिहिले, म्हणून हा तुरुंग मराठी वाचकाच्या ओळखीचा. पुढे याच उमरखाडीच्या तुरुंगाचे मुलांचे रिमांड होम झाले. कैदी बदलले, आवार तेच राहिले.

मुलांना मोठ्या कैद्यांपासून दूर ठेवावे, हा विचार त्याआधीचा. १८५० च्या कायद्याने १० ते १८ वर्षांच्या मुलांना एखाद्या धंद्यात उमेदवारीला बांधून देण्याची सोय झाली. डेव्हिड ससून यांच्या नावाची सुधारशाळा मुंबईत उभी राहिली ती त्याच दशकात. मद्रास आणि बंगालच्या पाठोपाठ १९२४ मध्ये मुंबई इलाख्याने स्वतंत्र बालक कायदा केला आणि १९२७ मध्ये चिल्ड्रेन्स एड सोसायटी स्थापन झाली. हेतू चांगला होता. पण मुलाला कोणता धंदा शिकवावा, किती वर्षे ठेवावे, हे साहेब ठरवणार. मुलाचा हक्क म्हणून काही मागता येईल, असे कोणाच्या मनात नव्हते.

दादरा-नगर हवेलीतले मसाट गाव मात्र तेव्हा पोर्तुगीज अमलाखाली होते. मुंबईचे कायदे नगर हवेलीच्या सीमेपाशी थांबत. २ ऑगस्ट १९५४ ला सिल्वासा मुक्त झाले, ११ ऑगस्ट १९६१ ला दादरा-नगर हवेली केंद्रशासित प्रदेश झाला आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या अधिकारक्षेत्रात आला. तरी साऱ्या देशाला एकच बालन्याय कायदा नव्हताच. काही राज्यांत बालक कायदा होता, पण त्याची अंमलबजावणी झालेली नव्हती.

या कारभाराला हादरा दिला तो मुंबईच्या पत्रकार शीला बारसे यांनी. मुंबईच्या तुरुंगात त्यांनी १५ स्त्री-कैद्यांच्या मुलाखती घेतल्या. त्यांतल्या पाच जणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचे सांगितले. बारसेंच्या पत्राचीच याचिका झाली. १९८३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्त्रियांसाठी वेगळी कोठडी, अटकेची खबर ताबडतोब कायदेशीर मदत समितीला आणि कोठड्यांना न्यायाधीशाची अचानक भेट, असे नेमके आदेश दिले.

नंतर बारसेंनी तुरुंगांत अडकलेल्या १६ वर्षांखालील मुलांचा प्रश्न न्यायालयात नेला. न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांच्या पीठाने जिल्हा न्यायाधीशांकडून तुरुंगातल्या मुलांची माहिती मागवली. ऑगस्ट १९८६ मध्ये मुदतच घालून दिली: सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात तपास तीन महिन्यांत पुरा करा, नाहीतर प्रकरण बंद, आरोपपत्रानंतर सहा महिन्यांत निकाल. दिरंगाईचा तोटा आजवर मुलाच्या माथी बसे, तो आता सरकारपक्षाकडे आला.

तरीही तारखा पडतच राहिल्या. कंटाळून बारसेंनी याचिका मागे घ्यायची परवानगी मागितली. १९८८ मध्ये न्यायालयाने त्यांना बाजूला होऊ दिले, याचिका मात्र सोडली नाही. विषय मुलांचा आहे, एका अर्जदाराचा नाही, अशी त्यामागची भूमिका. दरम्यान १९८६ चा बालन्याय कायदा २ ऑक्टोबर १९८७ पासून लागू झाला आणि डोंगरी नि मसाट एका कायद्याखाली आले. भारताने १९९२ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार स्वीकारला. त्यानंतरच्या २००० च्या कायद्याने मुलगा असो वा मुलगी, वयाची रेषा १८ वर आणली.

२०१५ च्या कायद्यात १६ ते १८ वयोगटातल्या मुलावर अतिगंभीर गुन्ह्यासाठी प्रौढांप्रमाणे खटला चालवण्याची वाट उघडली. त्यावरचा वाद अजून शमलेला नाही. पण १९८६ ची मुदत त्याच कायद्यात वेगळ्या रूपात आहे. किरकोळ गुन्ह्याची चौकशी चार महिन्यांत आणि वाढवून मिळालेल्या आणखी दोन महिन्यांतही संपली नाही, तर प्रकरण आपोआप संपते. मुलाला कोठडीत वा तुरुंगात ठेवता येत नाही आणि २४ तासांत बालन्याय मंडळापुढे हजर करावे लागते. तुंबलेल्या प्रकरणांचा दर तीन महिन्यांनी आढावा घेण्याचे काम मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांकडे दिलेले आहे.

हे सारे लागू होते ते वय सिद्ध झाल्यावर. पुण्यातल्या १९९४ च्या एका हत्याकांडात फाशीची शिक्षा झालेल्या कैद्याच्या बाबतीत हे वय अनेक वर्षांनी बिकानेर जिल्ह्यातल्या सरकारी शाळेच्या नोंदीतून निघाले. गुन्ह्याच्या वेळी तो साडेबारा वर्षांचा होता. २७ मार्च २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याला सोडण्याचा आदेश दिला, तोवर २८ वर्षांहून अधिक काळ तुरुंगात गेला होता. कायद्यातली कमाल शिक्षा तीन वर्षांची!

मसाटच्या कारखान्यांत बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशाहून कामगार येतात; त्यांच्या मुलांचे कागद अनेकदा गावाकडेच राहतात. कायद्याने पुराव्यांचा क्रम ठरवला आहे: आधी शाळेचा किंवा मॅट्रिकचा दाखला, तो नसेल तर पालिका-पंचायतीची जन्मनोंद, आणि दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी. म्हणून सिल्वासाच्या एखाद्या पोलीस ठाण्यात अशा मुलाचे नाव आले, तर पहिल्या काही दिवसांत परराज्यातल्या शाळेला पत्र जाते की नाही, यावर पुढचे बरेच काही ठरते.